दोन नारायणगड

१

नारायणगड नावाची दोन ठिकाणे महाराष्ट्रात आहेत. पहिला नारायणगड पुणे जिल्ह्यात, जुन्नर तालुक्यात. तो किल्ला आहे. त्याच्या माथ्यावरून खाली पाहिले की खोडदच्या माळावर पसरलेल्या पांढऱ्या तबकड्या दिसतात. ४५ मीटर व्यासाच्या अशा तीस तबकड्यांची ही महाकाय रेडिओ दुर्बीण, म्हणजे जीएमआरटी, गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभी राहिली. दुसरा नारायणगड आमच्या बीड जिल्ह्यात, बालाघाटच्या डोंगररांगेत. तो किल्ला नाही. बीडकडे 'गड' म्हटले की तट, बुरूज, दरवाजे डोळ्यांपुढे येत नाहीत. येते ते एखाद्या महाराजांचे समाधिस्थान, त्यांची गादी, तिथले कीर्तन, सप्ताह आणि पंगत. गहिनीनाथगड, भगवानगड, नारायणगड ही सगळी या अर्थाने गडच. नगद नारायण महाराजांचा हा नारायणगड 'धाकटी पंढरी' म्हणून ओळखला जातो आणि आषाढीला इथून पंढरपूरला पालखी जाते.

एकाच शब्दाचे हे दोन अर्थ मराठीच्या अभ्यासकाला नवे नाहीत. एका ठिकाणी गड म्हणजे ज्यात सहजी शिरता येऊ नये म्हणून बांधलेली जागा. दुसऱ्या ठिकाणी गड म्हणजे ज्यात कोणीही यावे म्हणून राखलेली जागा. या लेखाचा विषय मात्र शब्दार्थाचा नाही. २६ सप्टेंबर २०२४ रोजी 'परम रुद्र' मालिकेतील तीन महासंगणकांचे लोकार्पण झाले. एक दिल्लीला, एक कोलकात्याला आणि तिसरा जीएमआरटीला. म्हणजे पहिल्या नारायणगडाच्या परिसरातील विज्ञानाला एक पेटाफ्लॉप, अर्थात सेकंदाला दशांश अपूर्णांकांची एक हजार लाख कोटी गणिते करू शकणारे यंत्र मिळाले. दुसऱ्या नारायणगडाच्या पायथ्याच्या गावांतून आमच्या महाविद्यालयांत येणाऱ्या मुलांचा आणि त्यांच्या शिक्षकांचा या यंत्राशी काय संबंध, हा प्रश्न त्या बातमीनंतर माझ्या मनात रेंगाळत राहिला. मी मराठीचा शिक्षक आहे, संगणकाचा नव्हे. पण शोधू लागलो तेव्हा ध्यानात आले की हा प्रश्न यंत्राच्या इतिहासाचा कमी आणि संस्थांच्या इतिहासाचा जास्त आहे. आणि संस्थांचा इतिहास वाचायला आपल्याला अडचण पडू नये.

२

सुरुवात बरीच मागे जाऊन करायला हवी. चाळीसगावजवळच्या पाटण येथे देवीच्या देवळात एक शिलालेख आहे. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो प्रकाशात आणला. मराठीच्या विद्यार्थ्यांना तो ठाऊक असतो तो त्याच्या शेवटच्या भागातील जुन्या मराठीमुळे. आपण तो भाषेसाठी वाचतो, विभक्तिप्रत्यय शोधतो आणि पुढे जातो. पण त्यातला मजकूर काय आहे?

'सिद्धान्तशिरोमणि' हा ग्रंथ भास्कराचार्यांनी इ.स. ११५० मध्ये पुरा केला. त्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघण याच्या दरबारी ज्योतिषी होता. आजोबांच्या ग्रंथांचे अध्ययन व्हावे म्हणून या चांगदेवाने पाटणला एक मठ स्थापन केला आणि निकुंभ घराण्यातील सोइदेवाने त्या मठाला दान दिले. काळ इ.स. १२०७ च्या सुमाराचा. लेखाच्या मराठी भागात या मठाला काय काय मिळावे याचा तपशील येतो: बाजारात विकल्या जाणाऱ्या मालावरचा राजाचा काही हक्क मठाला, तेलाच्या घाण्यांकडून तेल, असा तो हिशेब आहे. 

आता हे आजच्या भाषेत मांडून पाहावे. त्या काळातील आकडेमोडीचे सर्वांत प्रगत शास्त्र; ते शिकण्यासाठी एक संस्था; ती राजधानीत नसून डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या गावात; आणि तिचा खर्च गावच्या बाजारपेठेवर व तेल्याच्या घाण्यावर टाकलेला. मराठीचे एक अतिशय जुने गद्य एका गणिताच्या महाविद्यालयाच्या अनुदानाचा आदेश आहे, ही गोष्ट आपण वर्गात फारशी सांगत नाही. परंपरेने मुकुंदराजांच्या 'विवेकसिंधू'चा काळ शके १११० मानला जातो आणि त्यांची समाधी बीड जिल्ह्यातल्या अंबाजोगाईला दाखवली जाते. म्हणजे मराठीत अद्वैत सांगितले जात होते त्याच दोन दशकांत मराठीत गणिताच्या मठाचा ताळेबंदही लिहिला जात होता.

मठाचे पुढे काय झाले? शिळा राहिली, मठ राहिला नाही. ग्रंथ टिकले, ते देशभर नकलून घेतले गेले, पण पाटणची अध्ययनाची परंपरा पुढे चालल्याचे दिसत नाही. ज्ञान टिकवण्याला ग्रंथ पुरतो. ते सर्वांच्या आवाक्यात ठेवायला मात्र संस्था लागते, आणि संस्थेला रोज कुणीतरी तेल घालावे लागते.

३

स्वतंत्र भारतातील मोठ्या आकडेमोडीचा इतिहास मुंबईत सुरू होतो. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रंगस्वामी नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली तरुण अभियंत्यांनी आधी एक प्राथमिक यंत्र आणि मग १९६० साली पूर्ण संगणक उभा केला. पंडित नेहरूंनी १९६२ मध्ये त्याचे 'टिफ्रॅक' असे नामकरण केले. १९६४ मध्ये त्याच संस्थेत सीडीसी ३६०० हे त्या वेळचे बलाढ्य अमेरिकी यंत्र आले आणि ते केवळ संस्थेपुरते न ठेवता देशभरच्या विद्यापीठांना व संशोधनसंस्थांना खुले करण्यात आले. छिद्रे पाडलेल्या कार्डांचे गठ्ठे घेऊन बाहेरगावचे संशोधक मुंबईला येत. ही वाट लांब होती, पण वाट होती.

त्याच काळात मराठवाड्यात काय चालले होते? निजामाच्या राजवटीत उच्च शिक्षणासाठी इथल्या मुलाला हैदराबाद गाठावे लागे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० मध्ये औरंगाबादला महाविद्यालय काढले, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय झाले. मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले १९५८ मध्ये. म्हणजे कुलाब्याला संगणक सुरू झाला तेव्हा आमचे विद्यापीठ दोन वर्षांचे होते आणि बीड जिल्ह्यात महाविद्यालयीन शिक्षणाचा नुकता कुठे श्रीगणेशा होत होता. ज्याला आपण 'मागासलेपण' म्हणतो त्याचा मोठा भाग हा असा वेळापत्रकाचा असतो. एकाच देशाच्या दोन घड्याळांत अंतर असते, आणि मागून निघालेला पुढच्याच्या ठिकाणी पोहोचतो तेव्हा पुढचा तिथून निघून गेलेला असतो.

४

ऐंशीच्या दशकात 'महासंगणक' या शब्दाला राजकीय वजन आले. भारताने अमेरिकेकडे क्रे कंपनीचे यंत्र मागितले. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेसाठी हवे असलेले अधिक ताकदीचे यंत्र मिळाले नाही. हवामानाच्या अंदाजासाठी दिल्लीला तुलनेने लहान क्रे एक्स-एमपी १४ देण्यात आले, तेही वापरावरच्या कडक बंधनांसह. मार्च १९८८ मध्ये पुण्याला प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजे सी-डॅक, स्थापन झाले ते या पार्श्वभूमीवर. तीन वर्षांची मुदत आणि सुमारे ३० कोटी रुपये एवढ्यात स्वदेशी महासंगणक करून दाखवायचा होता. प्रमुख होते डॉ. विजय भटकर, अकोला जिल्ह्यातील मुरंबा या खेड्यात जन्मलेले आणि नागपूर, बडोदे, दिल्ली असा शिक्षणाचा प्रवास केलेले. एक अतिवेगवान प्रक्रियक बनवणे आपल्या आवाक्याबाहेरचे होते. म्हणून बाजारात मिळणारे 'ट्रान्सप्यूटर' नावाचे अनेक प्रक्रियक एकत्र जोडून, काम वाटून देण्याचा मार्ग पत्करला गेला. १९९१ मध्ये 'परम ८०००' तयार झाला. त्याची क्षमता एक गिगाफ्लॉप होती. म्हणजे सेकंदाला एक अब्ज गणिते. पुढे परम १०००० (१९९८), परम पद्म (२००२), परम युवा (२००८) अशी वंशावळ वाढत गेली. मध्यंतरी २००७ मध्ये टाटा समूहाच्या पुण्यातील 'एका' या यंत्राने जगातील पाचशे यंत्रांच्या यादीत चौथा क्रमांक मिळवला.

ही कथा आपण स्वाभिमानाची कथा म्हणून सांगतो, आणि ती तशी आहेच. परंतु स्वाभिमानाच्या कथेत 'कोणी बनवले' हा प्रश्न इतका मोठा होतो की 'कोणी वापरले' हा प्रश्न विचारायचा राहून जातो.

गंमत अशी की अमेरिकेतही तेव्हा हाच प्रश्न धगधगत होता. यंत्रे अमेरिकेत बनत, पण ती मुख्यतः संरक्षणविषयक कामाच्या सरकारी प्रयोगशाळांत बंद असत. विद्यापीठातल्या प्राध्यापकाला ती मिळत नसत. इलिनॉय विद्यापीठाच्या लॅरी स्मार यांना खगोलशास्त्रातील गणिते करण्यासाठी जर्मनीला जाऊन तिथल्या अमेरिकी बनावटीच्या क्रेवर काम करावे लागले. गणितज्ञ पीटर लॅक्स यांच्या समितीने १९८२ मध्ये ही उणीव सरकारपुढे मांडली. त्यानंतर तिथल्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानने पाच महासंगणक केंद्रे विद्यापीठांसाठी मंजूर केली आणि ती दूरच्या महाविद्यालयांना वापरता यावीत म्हणून १९८६ मध्ये त्यांना जोडणारे जाळे टाकले. ते जाळेच पुढे इंटरनेटचा कणा झाले. त्यांपैकी इलिनॉयच्या केंद्रात १९९३ मध्ये काही तरुणांनी 'मोझॅक' हा ब्राउझर लिहिला. महासंगणकावर किती ताऱ्यांच्या टकरींची गणिते झाली हे आज थोड्यांनाच आठवते. पण यंत्रापर्यंत पोहोचण्यासाठी केलेल्या खटाटोपातून जे निघाले त्याच्या आधाराने आज सारे जग वाचते आहे.

५

पुण्यातही असेच एक उपफळ निघाले. साहित्याच्या लोकांनी त्याची आठवण ठेवली पाहिजे. सी-डॅकमध्ये महासंगणकाच्या बरोबरीने आयआयटी कानपूरहून आलेले भारतीय लिप्यांचे काम सुरू झाले. 'जिस्ट' या नावाने ओळखले जाणारे कार्ड साध्या संगणकात बसवले की पडद्यावर देवनागरी उमटे. भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' ही संकेतप्रणाली १९९१ मध्ये राष्ट्रीय मानक म्हणून स्वीकारली गेली, 'इन्स्क्रिप्ट' हा कळफलक ठरला, आणि युनिकोडने देवनागरीची मांडणी केली तेव्हा याच प्रणालीच्या आधीच्या आराखड्याचा क्रम घेतला. आज आपण मराठीत जो काही मजकूर टंकतो, त्यातल्या 'क' नंतर 'ख' आणि 'ख' नंतर 'ग' या क्रमांकांच्या मुळाशी त्या काळातले हे काम आहे. महासंगणक बीडला आला नाही. पण त्याच्या शेजारच्या खोलीत घडलेली अक्षरे आली. आणि ती आली म्हणून खेड्यातल्या मुलाने मराठीत लिहिलेला मजकूर परदेशात वाचला जाऊ लागला.

याच सुमारास त्याच पुणे विद्यापीठाच्या आवारात, त्याच १९८८ साली, आणखी एक संस्था जन्मली. डॉ. जयंत नारळीकरांच्या नेतृत्वाखाली विद्यापीठ अनुदान आयोगाने स्थापन केलेली 'आयुका', म्हणजे खगोलशास्त्र व खगोलभौतिकीचे आंतरविद्यापीठीय केंद्र. तिच्या नावातला महत्त्वाचा शब्द 'खगोल' नसून 'आंतरविद्यापीठीय' हा आहे, असे मला वाटते. संस्थेची कल्पनाच अशी होती की देशातल्या कुठल्याही विद्यापीठातील वा महाविद्यालयातील शिक्षकाने इथे यावे, राहावे, ग्रंथालय आणि संगणक वापरावेत, इथल्या लोकांशी बोलावे आणि परत आपल्या वर्गात जावे. त्यासाठी 'अभ्यागत सहयोगी' अशी रीतसर योजना होती. प्रवासाचा आणि राहण्याचा खर्च संस्था करी. येणारा माणूस कोणाच्या ओळखीने आलेला पाहुणा नव्हता. त्याचा येण्याचा हक्क नियमात लिहिलेला होता.

एकाच आवारात, एकाच वर्षी एका संस्थेने यंत्र घडवायला घेतले आणि दुसरीने दार. दोन्हींची तुलना करून एकीला उणे लेखण्याचा हेतू नाही. सी-डॅकनेही १९९३ पासून प्रशिक्षणाचे वर्ग चालवले, १९९८ मध्ये राष्ट्रीय परम महासंगणन सुविधा उभारली आणि बाहेरच्या संशोधकांना त्यावर खाती दिली. पण प्रशिक्षणाच्या वर्गांतून निघालेली पिढी मुख्यतः सॉफ्टवेअरच्या नोकऱ्यांकडे गेली. त्यात गैर काही नाही. अनेक घरांना त्याने वर काढले. मात्र महाविद्यालयाच्या वर्गात उभा असलेला शिक्षक या साखळीत फारसा कुठे नव्हता.

६

गेल्या वीस वर्षांत यंत्राकडे जाणाऱ्या तारा वाढल्या, हे मान्य केले पाहिजे. २००४-०५ नंतर 'गरुड' या प्रकल्पाने १७ शहरांतील ४५ संस्थांची यंत्रे जोडली. महाराष्ट्रातून त्यात मुंबई आणि पुणे होते. २०१० मध्ये राष्ट्रीय ज्ञानजालाला मंजुरी मिळाली आणि विद्यापीठे वेगवान जाळ्यावर आली. २०१५ मध्ये सात वर्षांसाठी ४,५०० कोटी रुपयांच्या राष्ट्रीय महासंगणन अभियानाला मान्यता मिळाली आणि २०१९ पासून एकेका संस्थेत यंत्रे बसू लागली. पुण्याच्या आयसर संस्थेत 'परम ब्रह्म' आला. महाविद्यालयांना परवडावा म्हणून सी-डॅकने टेबलाशेजारी मावणारा लहान 'परम शावक' केला. शावक म्हणजे पिल्लू; नाव ठेवणाऱ्याला संस्कृत आणि विनोद दोन्ही येत असावेत. २०२४ मध्ये १०,३७२ कोटी रुपयांच्या कृत्रिम प्रज्ञा अभियानाला मंजुरी मिळाली. त्यात संशोधकांना आणि विद्यार्थ्यांना सवलतीच्या दराने संगणनशक्ती देण्याची तरतूद आहे.

आमच्या भागात संगणक पोहोचला तो मात्र वेगळ्या वाटेने. २००१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाचा 'एमएस-सीआयटी' हा अभ्यासक्रम तालुक्याच्या गावांत, बाजारपेठेच्या माडीवर, झेरॉक्सच्या दुकानाशेजारी सुरू झाला. आमच्या विद्यार्थ्यांच्या एका पिढीने संगणकाला पहिला हात लावला तो तिथे. सरकारी नोकरीच्या अर्जाला ते प्रमाणपत्र लागे, म्हणून मुले जात. या अभ्यासक्रमाने खेड्याला संगणकाचा वापरकर्ता केले, आणि ही कामगिरी लहान नाही. पण पत्र टंकणे आणि प्रश्न सोडवणे यांत जे अंतर आहे ते तिथे पार होत नव्हते. तसा तो अभ्यासक्रमाचा दावाही नव्हता.

माझ्या एका सहकाऱ्याची गोष्ट सांगतो. ते भौतिकशास्त्र शिकवत. बालाघाटावरच्या पावसाचे त्यांना वेड होते. घाटमाथ्यावर एका गावात पडणारा पाऊस दोन कोसांवर का पडत नाही, हा त्यांचा प्रश्न. तालुक्यांच्या पर्जन्यमापकांच्या जुन्या नोंदी त्यांनी वर्षानुवर्षे वह्यांत उतरवून घेतल्या होत्या. त्यांवर प्रतिमानाने काम करावे म्हणून त्यांनी एका मोठ्या संस्थेकडे यंत्रवेळेसाठी विचारणा केली. उत्तर सौजन्याचे होते. अर्जात प्रकल्पाचा क्रमांक, अनुदान देणाऱ्या संस्थेचे नाव आणि आधीच्या संगणनाचा अनुभव असे तीन रकाने होते. सरांकडे तिन्हींचे उत्तर 'नाही' असे होते. नियम कुणाला वगळण्यासाठी केलेले नव्हते. गर्दीत यंत्र वाया जाऊ नये म्हणून केलेले होते. तरीही दार ज्या उंचीवर होते तिथे सरांचा हात पोहोचला नाही. ते निवृत्त झाले. वह्या विभागाच्या कपाटात आहेत.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत २०१८ मध्ये 'प्रत्यूष' आणि २०२४ मध्ये 'अर्क' हे महासंगणक आले. त्या बळावर मे २०२५ मध्ये 'भारत फोरकास्ट सिस्टम' ही प्रणाली सुरू झाली. आधी बारा किलोमीटरच्या चौकटीत होणारे अंदाज आता सहा किलोमीटरच्या चौकटीत होतात. दुष्काळ आणि ऊसतोडीचे स्थलांतर ज्या जिल्ह्याच्या पाचवीला पुजलेले आहे, त्याच्यासाठी ही मोलाचीच गोष्ट. पण सहा किलोमीटरच्या चौकटीत काय घडते हे डोळ्यांनी पाहिलेला माणूस आणि ती चौकट गणितात बसवणारा माणूस यांची भेट कुठे व्हायची? ती भेट घडवणे हे महाविद्यालयाचे काम आहे, आणि महाविद्यालय त्या साखळीत नाही.

७

यावर एक आक्षेप येतो आणि तो दमदार आहे. महाविद्यालयाला महासंगणक हवाच कशाला? १९९१ च्या परम ८००० ची जी क्षमता होती त्याहून कितीतरी अधिक आज विद्यार्थ्याच्या खिशातल्या मोबाइलमध्ये आहे. पदवीच्या वर्गाला लागणारी बहुतेक आकडेमोड साध्या संगणकावर होते. मग तक्रार कसली?

आक्षेप खरा आहे, आणि म्हणूनच तो प्रश्नाला नेमक्या जागी आणून ठेवतो. उणीव वेगाची नाही. गिगाफ्लॉप खिशात येऊनही आपण गिगाफ्लॉपचे प्रश्न विचारू लागलो नाही, याचा अर्थ उणीव त्या सहवासाची आहे ज्यात मोठा प्रश्न विचारण्याची सवय लागते. चांगदेवाच्या मठात विद्यार्थ्याला ग्रंथ मिळत असेल, पण त्याहून मोलाचे म्हणजे तो ग्रंथ वापरणारी माणसे मिळत असतील. मुंबईला कार्डांचा गठ्ठा घेऊन गेलेल्या शिक्षकाला यंत्रवेळेबरोबर चार प्रश्न विचारणारे समकालीन भेटत. आयुकाने याच गोष्टीची तरतूद केली. यंत्र, तार आणि माणूस या तीन पायऱ्यांपैकी पहिल्या दोन आपण बऱ्याच अंशी बांधल्या आहेत. तिसरी राहिली आहे, आणि ती निविदा काढून बांधता येत नाही.

आता हा विषय साहित्याच्या वर्गात का आणावा, तेही सांगितले पाहिजे. मोठी आकडेमोड आपल्याला परकी नाही. भांडारकर संस्थेत महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध होत होती तेव्हा १,२५९ हस्तलिखिते तपासली गेली. एकेक श्लोक तक्त्यावर मांडून पाठभेद नोंदवले गेले. १९६६ मध्ये पुरे झालेले ते काम म्हणजे माणसांनी हाताने केलेले प्रचंड संगणनच होते. इटलीतील फादर रोबेर्तो बुसा यांनी १९४९ पासून सेंट थॉमस अक्वायनस यांच्या समग्र लेखनाची शब्दसूची यंत्राने करायला घेतली, आणि ती छापायला छप्पन्न खंड लागले. साहित्याने संगणकाचे दार फार लवकर ठोठावले होते.

आज तर परिस्थिती उलटली आहे. संगणकच साहित्याच्या दारात आला आहे. भाषेची प्रतिमाने घडवायला जी प्रचंड यंत्रे लागतात त्यांना खाद्य लागते ते मजकुराचे. मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी, म्हणजे परम रुद्रच्या लोकार्पणानंतर बरोबर एका आठवड्याने. दोन्ही बातम्या आपण वेगवेगळ्या पानांवर वाचल्या. पण यापुढे कोणती मराठी यंत्रात जाणार, हा एकच प्रश्न त्या दोन्ही बातम्यांना जोडतो. छापील, शहरी, अनुवादित मराठी तर जाईलच. ती आयती उपलब्ध आहे. जात्यावरच्या ओव्या, ऊसतोडणीच्या फडावरची बोली, गडावरच्या कीर्तनात बुवा ज्या लयीत दृष्टांत उलगडतो ती भाषा, अंबाजोगाईच्या दासोपंतांनी कापडी पासोडीवर उतरवलेले शब्द हे सारे कोण टिपणार, कोण तपासणार, त्यावर कोणते प्रश्न विचारणार? जो शिक्षक ही भाषा जाणतो त्याला यंत्राच्या खोलीत जागा नसेल तर निर्णय दुसरे कोणीतरी घेईल, आणि तो अज्ञानातून घेतला जाईल. त्यात दुष्टावा नसला तरी नुकसान तेवढेच होईल.

८

बीड शहराबाहेर खजाना विहीर आहे. निजामशाहीच्या काळात, सोळाव्या शतकाच्या अखेरीस, सलाबतखानाने ती बांधवली. तिच्यात भूमिगत मार्गांनी पाणी येते आणि तशाच मार्गाने ते बाहेर शेतांकडे जाते. विहीर एका जागी. पाणी मात्र ज्याच्या शेताला पाट आहे त्याचे. विहिरीच्या खोलीचे कौतुक करणाऱ्यांनी पाटाचा उतार ज्याने मोजला त्याचेही कौतुक केले पाहिजे, कारण तो उतार चुकला असता तर विहीर नुसती प्रेक्षणीय राहिली असती.

मोठ्या मागण्या करण्याचा हा लेख नाही. विद्यापीठाने आपल्या नावाने यंत्रवेळ घ्यावी आणि ती संलग्न महाविद्यालयांच्या शिक्षकांना छोट्या, चुकण्याची मुभा असलेल्या कामांसाठी द्यावी. अर्जातला 'आधीचा अनुभव' हा रकाना पहिल्या वेळी रिकामा चालावा. आणि प्रत्येक जिल्ह्यात निदान एक असा माणूस असावा ज्याला जाऊन 'हे कसे करतात?' असे संकोच न बाळगता विचारता येईल. आयुकाने यापैकी पुष्कळसे एका विषयापुरते करून दाखवले आहे. ते इतर विषयांत, आमच्या विषयातही, करता येण्याजोगे आहे.

सरांच्या वह्यांचे काय करायचे यावर या वर्षी आम्ही विभागात बोललो. भौतिकशास्त्राच्या मुलांनी आकडे टंकायचे, आणि मराठीच्या मुलांनी त्या त्या गावातल्या म्हाताऱ्या माणसांकडून पावसाची नावे आणि त्या वर्षांच्या आठवणी गोळा करायच्या, असे ठरले आहे. एकाच पावसाच्या या दोन नोंदी शेजारी शेजारी ठेवल्या तर काय दिसते ते पाहायचे. एवढ्याला महासंगणक लागणार नाही, निदान सुरुवातीला तरी नाही. पण पुढे कधी तो लागला, तर या वेळी रकान्यात लिहायला आमच्याकडे काहीतरी असेल.